वाफडबी

अशोक चौकातून आत, तिसऱ्या बोळात
माझा लेथ. पूर्वी धोट्यांच्या दुरुस्तीचा,
हल्ली पलंगाच्या पायांचा, लाटण्यांचा,
आणि मधूनच
अशा एखाद्या वाफडबीचा.

मुठीत मावेल एवढी. आत तांब्याची वाटी,
वाटीत जाळी, बुडाला बॅटरी,
वर तोंडात धरायला शिसवीची चोच.
ओवा घालायचा, अडुळशाचं वाळकं पान चुरायचं,
दिवा हिरवा होईस्तोवर दम धरायचा.
धूर नाही. नुसती ऊन वाफ.
गिरणी मिटल्यावर सत्तय्या गुंडेटी
घरी बसून एकेक करायचा,
बुडाला खिळ्यानं आकडा कोरायचा.
तो सुरतेला गेला. डब्या राहिल्या.
आता त्यांचं दुखणंखुपणं माझ्याकडं येतं.

सतरा नंबर आणली बालमणी म्याकलनं,
कॅरीबॅगेत, अशी गाठ मारून
की मला वाटलं शेंगाचटणीच आहे.
"वाफ येईना," म्हणाली, "आणि हलवली की खडखडती."

खडखडत होता तो स्क्रू. ते सोपं.
पण मे महिना, चव्वेचाळीसचं ऊन,
झाकण आकसलेलं, कडेला केसाएवढी चीर.
चिरेत त्याच लाकडाचा भुसा लागतो;
दुसरा रंग जुळवतो, पण पावसाळ्यात उघडा पडतो.
बुडातनं चिमूटभर खरवडला, सरसात कालवला,
आणि वास आला.

करडईचं जुनं तेल. सूत.
हे तर धोट्याचं लाकूड!
ताण्यातून इकडून तिकडं, तिकडून इकडं
जन्म काढलेलं.
सत्तय्या, लेका,
कुणाच्या मागावरचा कापलास?
आतल्या भिंतीला दोऱ्यानं पाडलेली चर
अजून तशीच. वाफ तिच्यातूनच वर जायची.

जाळी रात्रभर स्पिरिटात टाकली,
सकाळी स्पिरिट कोऱ्या चहासारखं.
वाटीला पितळी ब्रश, तोही हळू.
काचेची नळी निघेना,
तळहातात धरून कोमट केली, मग आपणच सुटली.
लाकूड पाण्यात बुडवायचं नसतं,
हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो
आणि प्रत्येक गिऱ्हाईक बुडवतं.

उरली चोच.
चोचीवर दात होते.
डावीकडं दोन खोल, उजवीकडं एक आडवा.
लिंबय्याचे. मागच्या दिवाळीत गेला.
लेथ सुरू केला, बंद केला.
चोच फडक्यात गुंडाळून
तीन दिवस लाटणीच केली.

चौथ्या दिवशी ती आली.
म्हणालो, बाकी सगळं झालंय,
एवढं तसंच ठेवतो. खूण आहे.
तिनं चोच उजेडाला धरली, काही बोलणार,
तर खोकला आला.
भिंतीला हात टेकून खोकत राहिली, बराच वेळ.
बत्तीस वर्षं कांड्या भरल्या होत्या तिनं,
त्याच धुळीत,
हे मी पार विसरलो होतो.
वाफडबी लिंबय्याची, असंच आम्ही सगळे म्हणायचो.

"घास की, इसाक," म्हणाली,
"दात त्याचे होते. खोकला माझाय.
त्याच्या दातांत माझे बसनात."

लेथ फिरला.
भुसा आधी काळा उडाला, मग तांबूस.
तिच्या ओठांच्या बेतानं दीड सूत बारीक केली,
जवसाचं तेल, पोळ्याचं मेण,
अंगठ्यानं चोळलं, लाकूड गरम लागेस्तोवर.

स्टुलावर बसूनच तिनं ओढून बघितली.
ओवा बोळभर झाला.
समोरचा कुत्रा शिंकला.
"किती?"
"साठ."
"पन्नास घे. जाळी साफ करायला दर महिन्याला येईनच."

ती गेल्यावर लेथखालचा भुसा
पोस्टकार्डानं गोळा केला, पुडीत बांधला,
वर लिहिलं: सतरा, चोच.
शिसवीचा आहे.
पुढच्या चिरेला लागेल.