सोडणूचा सात

बर्फाच्या कारखान्यावर एक खोली होती,
तिथून बावतीस गावाला केबल पुरवायचा.
शाळा बंद, अंगणवाडीला कुलूप,
मोबाइलची रेंज फक्त वेताळाच्या टेंबावर.
बावतीस म्हणाला, बाई, माझं एक चॅनल रिकामं पडलंय.
त्यावर मी लग्नांच्या कॅसेटी लावायचो,
आता लग्नंच नाहीत.

तर सोडणू असा झाला:
नारळाचं अर्धं सोडण,
खाली नवऱ्याचा एसटीतला खाकी मोजा,
एक डोळा शर्टाचं बटण, दुसरा कवडी.
तोंड उघडलं की काथ्या गळायचा.
ती दाढी, असं मी मुलांना सांगून टाकलं.

टेबलामागे मी उकिडवी,
हात वर, हातावर तो.
वर त्याची मस्ती चालायची, खाली माझे गुडघे.
कागदाचे बांगडे दोरीवर टांगून
तो मोजायचा: पाच, सहा, आठ.
हे काही ठरवलेलं नव्हतं.
पहिल्या दिवशी जीभ माझीच घसरली,
कॅमेऱ्यामागे बावतीस तोंड दाबून हसला,
आणि सात हरवणं हाच आमचा धडा झाला.
सोडणू मोज्यात शोधायचा, फळ्यामागे शोधायचा,
मग पडद्याला नाक लावून विचारायचा,
'सात खंय गेलो गे?'

तिथे मी थांबायचे.
बालवाडीत अशा वेळी छप्पर उडतं.
इथे समोर एक लाल दिवा,
आणि खाली बर्फाच्या यंत्राची घरघर.
मुलं बघतायत, की बांगडे आपले उगाच हलतायत,
कळायला मार्ग नाही.

एकदाच फोन आला, धाकू तारींचा.
'माझी नात पयल्या माशाक एक म्हणता.
आमच्याकडे पयलो मासो लाभ.
सांग तुझ्या बाहुल्याक.'
दुसऱ्या दिवशी सोडणूने कान पकडले
(कान नव्हते, काथ्या पकडला)
आणि मोजलं: लाभ, दोन, तीन.
पर्यवेक्षिकाबाईंच्या पुस्तकात हे बसत नाही.
त्यांच्याकडे केबल नव्हती, बरं झालं.

मग एका मंगळवारी यंत्रच बंद केलं.
होड्या वर ओढलेल्या, बर्फ हवाय कुणाला.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
सोडणू सहावर आला, आठ म्हणाला,
नाक लावलं, विचारलं,
आणि मी थांबले.

आधी बंदरावरून.
मग मोहल्ल्याच्या खिडक्यांतून,
मग खाडीपलीकडून, जरा उशिरा,
पाण्यावरून घासत आल्यासारखा:
सात!
सात, सात रे, सात इसारलंस!
एका आवाजाला दात नव्हते.

पुढचं वाक्य मला आठवेना.
बावतीस हातवारे करत होता.
सोडणू तोंड उघडं टाकून तसाच,
काथ्या गळतोय माझ्या केसांत,
सगळ्या गावाला दिसतोय.

आता अंगणवाडी उघडलीय.
तो खिळ्याला टांगलाय,
कवडीचा डोळा कुणीतरी नेला.

परवा बाजारात नारळ घेताना
भाव विचारायला मी तोंड उघडलं
आणि शेजारची मुलगी गर्रकन वळली.
चेहऱ्याकडे नाही बघितलं तिने.
पिशवी धरलेल्या माझ्या उजव्या हाताकडे
बघत राहिली, टक लावून.

मी नारळ मोजायला घेतले.
लाभ, दोन, तीन, चार,
पाच,
सहा.

थांबले.