पाऊणपट

महाप्याच्या टेबलावर चालत होतं.
तिथे सगळंच चालतं.
एसीत, ऐसपैस लॅपटॉपच्या घरात
कुठल्याही नावाला हाक मारा, कुणीतरी ओ देतं.

दिवाळ्याच्या पंपघरात, खाडीची दारं सांभाळणाऱ्या
तळहाताएवढ्या बोर्डावर मात्र
प्रोग्राम उठता उठताच बसला :
टाइमजीएम, सिम्बॉल नॉट फाउंड.

आधी स्वतःवरच संशय घेतला. स्पेलिंग पाहिलं.
मग वाटा पाहिल्या,
भलत्याच फोल्डरात तर शोधत नाहीये ना?
नव्हता. लायब्ररी जागच्या जागी होती.
हेडर उघडलं : नाव ठळक,
काय घेणार, काय देणार, सगळं कबूल केलेलं.
पत्रिकेत छापलेला मामा, मांडवात नाही.

लायब्ररीच्या पोटात शिरून यादी काढली.
टाइम होतं. टाइम्स होतं.
मधलं नव्हतं.

मग अंबरीशची टीप सापडली
(तो आता कुठे असतो, कुणालाच ठाऊक नाही),
चार मेगाबाइटच्या खोलीत बिऱ्हाड बसवताना लिहिलेली :
"याला कुणी हाक मारत नाही. काढलं."
तेव्हा खरंच कुणी मारत नव्हतं.
मी रागवायला लागले आणि ते राहूनच गेलं.

लॅपटॉपवरची लायब्ररी उचलून इथे ठेवली.
प्रोसेसर वेगळ्या घराण्याचा, बोर्ड मुका झाला.
अर्धा तास.
हसुराम कोळ्यांनी हातानेच चाक फिरवून दार ओढलं,
मला काही म्हणाले नाहीत.
ते जास्त लागलं.

शेवटी सख्ख्या भावाला बोलावलं : एमकेटाइम.
घेतो तेच, देतो तेच, दिसायलाही तसाच.
एरर गेली. हिरवा दिवा.
ऑफिसात फोन केला, "झालं ना? मग निघ."
पडद्यावर : पुढची भरती, सकाळी आठ.

आठला पाच कमी.
हसुरामदादा उंबऱ्यात, तोंड खाडीकडे.
खाली चिखल पार उघडा, होड्या कुशीवर,
निवट्या उड्या मारतायत.
"बाय, आज बीज हाय ना?
दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरंल.
तुजा यंतर आठ कशाला बोलतंय?"

आठ आणि दीड.
साडेपाच तास.
भाऊ इथल्या घड्याळात वाढलेला,
ग्रिनिचची वेळ हातात दिली
तर ती बेलापूरचीच समजून बसला.
हरवलेला निदान "मी नाही" म्हणत होता,
हा हजर राहून चुकत होता, हिरव्या दिव्याखाली.
दीड वाजता त्याने दारं सताड उघडी ठेवली असती
आणि खाडी सेक्टरात शिरली असती,
तळमजल्यावरच्या स्कूटरच्या चाकांपर्यंत.

मग पंपघराच्या ओट्यावर बसून मीच लिहिलं.
सत्तर सालापासूनचे दिवस मोजायचे,
लीप वर्षं, फेब्रुवारीचा आखूडपणा,
वर तास, मिनिटं.
सेहेचाळीस ओळी. कुणाकडे काही मागायचं नाही.
तपासायला हसुरामदादा :
तीज? सव्वादोन.
चौथ? तीन.
पंचमी? पावणेचार.
बोटांवर नाही, नुसते बोलत होते,
एका हाताने चहा गाळत.

माझं उत्तर आलं एक बेचाळीस.
"बारा मिनटा जास्त," मी म्हटलं.
"त्या चंद्राच्या," ते म्हणाले. "त्याला कोण इचारनार?"

एक वाजता जेवलो. डब्यात सुकट होती.
पाणी कधी चढायला लागलं ते दोघांनाही कळलं नाही,
दारांनी कण्हत कण्हत मिटायला घेतलं तेव्हा
दादांनी घड्याळ पाहिलं नाही, मी पाहिलं.

फाइलच्या माथ्यावर टीप लिहून ठेवली,
पुढे जागा वाचवायला कुणी बसेल, त्याच्यासाठी :
याला हाक मारली जाते. काढू नका.
शंका वाटल्यास दिवाळ्यात विचारा.