ठराव क्रमांक चार

सोमवारी उद्यमनगरात आमची मशीनं बंद असतात.
त्या दिवशी स्वयंपाकघरात
संचालक मंडळाची सभा भरते.
मंडळ दोघांचं : मी आणि त्रिशला.
गणसंख्या पूर्ण. एक संचालक उभ्यानंच,
दुधावर लक्ष ठेवून.

विषय : कर्मचारी श्री. भूपाल आण्णा मगदूम
यांच्या पेन्शन खात्यात
मूळ पगाराच्या दहा टक्के
कंपनीनं दरमहा भरावेत.
सूचक मी.
अनुमोदन अजून यायचंय.

सीए शिरगावकर बाई
शाहूपुरीच्या ऑफिसात म्हणाल्या,
"तुम्ही आणि कंपनी एक नव्हे, मगदूम.
कायद्यानं ती वेगळी व्यक्ती."
मी मान डोलावली, आणि घरापर्यंत
गाडीवर त्या वेगळ्या व्यक्तीचाच विचार करत आलो.

अकरा वर्षांची आहे.
बारसं ऑनलाइन झालं,
दोन नावं नाकारली, तिसरं मिळालं.
पॅन कार्ड आहे तिला. सही नाही, माझीच चालते.
गुडघे नाहीत.
दिवसभर पंप बॉडीचं बोअर मारून
रात्री जिन्यावर करकरतात, ते माझे.
लोखंडाचा कीस तिच्या डोळ्यात कधी गेला नाही.
ती साठीची झाली तरी
तिला कुणी काठी आणून देणार नाही.

मग पोराला विचारताना जीभ अडते
(हिंजवडीत फ्लॅटचा हप्ता, त्यात आता बाळ येणार)
तेच मी हिला छापील भाषेत विचारलं :
थकल्यावर बघशील का माझ्याकडं?
ती काय बोलणार.
तिच्या वतीनं बोलायचा अधिकारही माझ्याकडंच.
म्हणून पत्र लिहिलं.
प्रति, श्री. मगदूम, आपल्या सेवेची दखल घेऊन...
खाली : आपला, मगदूम, संचालक.
पोच मिळाली म्हणून आणखी एक सही.
तीही माझी. तिथं जरा हात हलला.

लेथवर पोरांना शिकवतो मी,
एका फटक्यात सगळा माल काढायचा नसतो.
बारीक कट घ्या, परत घ्या,
मग माप येतं.
स्वतःच्या बाबतीत मात्र पंचवीस वर्षं
ऑर्डर आली की मशीन, पैसा आला की मशीन.
वाटायचं, हेच विकून म्हातारपण निघेल.
गेल्या दिवाळीत शेजारच्या सुतारांचं दुकान मोडलं.
तीन लेथ. वजनावर गेले.
किलोचा भाव ऐकून
सुतारांनी बसायला खुर्ची मागितली.

त्रिशला चष्मा कपाळावरून खाली घेते,
ठराव दोनदा वाचते.
"सही करतो मी," म्हणते,
"पण हितं कर्मचारी लिवलंय. दस्तगीर कोण मग?"

दस्तगीर माझ्याआधी येतो. शटर तोच उघडतो.
उजव्या अंगठ्याला नख नाही,
ते आमच्या पहिल्या प्रेसनं घेतलं.
विचारलं होतं त्याला. खरंच विचारलं होतं.
हसला. "मालक, साठीनंतरचं साठीनंतर.
आत्ता हजार वाढवा की, पोरीची फी हाय."
मी वाढवले, आणि सुटल्यासारखं वाटलं.
हे मी सभेत सांगत नाही.

इतिवृत्तात अशा वेळी
'सविस्तर चर्चा झाली' एवढंच लिहितात.
चर्चेत दूध उतू गेलं.
दोन्ही संचालक फडकं शोधत होते.

ठराव चार : मंजूर.
त्याखाली त्रिशलाच्या अक्षरात
ठराव पाच : दस्तगीर मुल्ला,
पगारवाढ सोडून, दरमहा रुपये
आणि पुढं कोरी जागा.

मंगळवारी सकाळी फोन दोनदा वाजला.
एका खात्यातून गेले,
दुसऱ्यात जमा झाले,
जे अजून आठ वर्षं मला हात लावू देणार नाही.
चकमध्ये जॉब घट्ट करत
दस्तगीरनं न बघताच विचारलं, "किती, मालक?"
माझ्या पोटात धस्स झालं.
"काय किती?"
"कट किती घेऊ?"

बारीक घे, म्हटलं.
बारीक घे, पण आजपासून घे.
तो माझ्याकडं बघतच राहिला.