निर्लेखन

दोना पावलाच्या टेकडीवर, लेखा विभागात
माझी खिडकी समुद्राकडे नाही, जनरेटरकडे उघडते.
बावीस वर्षं मी इथे विज्ञानाची बिलं पास करतो.

देशाला काय जाणून घ्यायचंय
ते मला मार्चमध्ये कळतं.
एकतीस तारखेच्या आत पैसा संपायला हवा
आणि जहाज घेतलंय म्हटल्यावर ते हाकायला हवं;
धक्क्याला नुसतं उभं राहिलं तरी डिझेल पितंच.
मग कुणीतरी खोल समुद्रातला प्रश्न शोधून काढतो,
जहाजाच्या मापाचा.

इर्मेलिंडा फुर्ताद बाईंचा प्रश्न होडीच्या मापाचा होता.
खाजनाच्या बांधाला कुर्ल्या भोकं पाडतात,
पण कुठल्या मातीला त्या शिवत नाहीत?
तीनदा प्रस्ताव गेला, तीनदा परतला.
'राष्ट्रीय महत्त्व' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं:
चोडणचे लोक भात खातात.
मीच म्हटलं, बाई, असं नाही लिहायचं,
'हवामान बदल' घाला, 'किनारी सुरक्षा' घाला.
त्या हसल्या. खोडलं मात्र नाही.

बाई निवृत्त झाल्या. डीप फ्रीझरमध्ये
त्यांच्या चिखलाच्या एकशे चाळीस बाटल्या राहिल्या,
आणि दक्षिण ध्रुवाहून बर्फ येणार होता,
माणूस नव्हता तेव्हाच्या हवेचे बुडबुडे पोटात घेऊन.
खरं सांगतो, मलाही तो बर्फ बघायचा होता.

निर्लेखनाच्या वहीत कारणाचा रकाना असतो.
लिहिलं: उपयोग संपला.
सही वाळेपर्यंत बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत बसलो.
सदतिसावीवर आमचा बांध होता,
मानशीपासून चौदा पावलं, उपासोकाकाच्या राखणीतला.

संध्याकाळी फेरीबोटीत ती माझ्या डब्याच्या पिशवीत होती.
पोळीचा रुमाल ओला झाला.

काकाने झाकण काढलं, वास घेतला,
चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकला.
"पोरनी माती ही. तेव्हा पाणी इतकं खारं नव्हतं."
मग विचारलं, "बाईला कळलं काय शेवटी?"

मी म्हटलं, ते लेखाशीर्ष बंद झालं.
त्याला शब्द कळला नाही. त्याने मान हलवली,
ओहोटी होती, बांधाला नवं भोक होतं,
बाटली त्यात उपडी केली
आणि टाचेने दाबत राहिला, बराच वेळ,
जणू पुरेशी होती.

वहीत एकशे चाळीसच नष्ट आहेत.