आडवा अक्ष

बाबांच्या तीन वह्या कुरेसारेहून टपालाने आल्या,
निळ्या पुठ्ठ्याच्या. सोबत वासही आला,
फेरीबोटीच्या डिझेलचा की धुरावलेल्या माशाचा, सांगणं कठीण.
डॉक्टर पार्नसालूंना आलेख हवाय,
वही वाचत बसायला त्यांना वेळ नाही.
म्हणून तार्तूतल्या चौथ्या मजल्यावर रात्री साडेदहाला
मी एकेक ओळ भरतेय.
तारीख. वरचा दाब. खालचा दाब.

बाबा आधी दिवस लिहितात, टिंब देतात, मग महिना.
माझा संगणक ऑफिसच्या शिस्तीतला, त्याला महिना आधी लागतो.
त्याने तीन नोव्हेंबरचा मुकाट्याने अकरा मार्च केला,
चार डिसेंबरची थंडी उचलून
बारा एप्रिलच्या दारात नेऊन ठेवली,
विचारलंसुद्धा नाही.
तेरा तारखेला मात्र अडला.
दुष्काळात तेरावा महिना म्हणतात,
इथे तेरावा महिनाच मिळेना.
मग त्या तारखा डाव्या कडेला सरकून बसल्या
शब्द असल्यासारख्या,
आणि त्यांच्यामुळेच चूक कळली मला.
अडणाऱ्यांचे उपकार असतात कधी कधी.

वहीत एक चौथा रकानाही आहे, आलेखात न मावणारा.
‘वारा वायव्येचा. १५८. पट्टा एका हाताने बसत नाही.’
‘फेरी उशिरा. १६२. पट्टा दातांनी ओढला.’
‘१६०. पट्टा.’
नुसतं पट्टा.
आई होती तेव्हा दंडाला तीच गुंडाळायची तो,
आणि आकडा ओरडून सांगायची,
बाबा शेजारीच बसलेले असायचे तरी.

पहिला आलेख छान आला.
सत्तावीस जानेवारीचा ठिपका
सोळा फेब्रुवारीच्या ठिपक्याचा हात धरून उभा,
जसा काही दुसराच दिवस.
मी अक्षाला सांगितलं, हे शब्द नाहीत रे, तारखा आहेत.
तेव्हा त्याने मधली जमीन मोकळी केली.
एकोणीस दिवस.
नोंद नाही. वारा नाही. फेरी नाही.
आणि यंत्राची अक्कल अशी की
रिकाम्या घरात त्याने शून्य धरलं.
रेघ तळाशी कोसळली,
एकोणीस दिवस तशीच पडून राहिली,
आणि सोळा तारखेला
काही झालंच नाही अशी उठून बसली.
मी हसले. पण आधी हसले नव्हते.

मध्यरात्र होत आली होती. फोन केला.
‘मशीन लेइदाकडे होतं,’ बाबा म्हणाले,
‘तिला चक्कर येत होती. मग मीच गेलो.’
‘आणायला?’
‘मोजायला.’
पुढे बराच वेळ फक्त त्यांची किटली ऐकू आली.

वही पुन्हा उघडली. सोळा फेब्रुवारीपासून
आकडे जांभळ्या शाईतले, उजवीकडे झुकलेले,
बाबांचे नव्हेतच.
१४६. १४१. १४३. १३८.
शेरे थोडे. ‘मीठ कमी केलं.’
‘केक जळला, तरी खाल्ला.’
पट्ट्याबद्दल एक अक्षर नाही.

डॉक्टर बोट ठेवतील बरोबर तिथेच, विचारतील,
गोळी कुठली सुरू केली?
मी रकाना वाढवला, पण वर शीर्षक काय घालावं सुचेना.
औषध लिहिलं, खोडलं.
शेजार लिहिलं, तेही खोडलं.
लेइदाबाईंना मी फार तर दोनदा पाहिलंय,
कुंपणापलीकडून, हातात बादली.

आता शून्यं काढून टाकली आहेत.
त्या एकोणीस दिवसांत रेघ नाही, नुसती फट,
खिडकी उघडी राहावी तशी.
फाईलला नाव दिलं: हेल्दुर, रक्तदाब.
बंद केली, पुन्हा उघडली,
आणि कुणी सांगितलं नसताना
आडवा अक्ष जूनच्या अखेरीपर्यंत ओढला,
जिथे अजून एकही ठिपका नाही.