घोडबंदर, शुक्रवार-शनिवार

त्यांचा आठवडा गुरुवारीच संपतो,
म्हणून शुक्रवारी पहाटे पाच जण मस्कतहून उतरले
आणि माझ्या सात सीटच्या गाडीत
अत्तराचा आणि अर्धवट झोपेचा वास भरला.
आज किल्ला, उद्या आश्रम,
उद्या रात्रीचंच परतीचं विमान.

गायमुखाच्या चढावर कंटेनर आडवा.
पाऊण तास एकाच जाहिरातीकडे बघत बसलो:
खाडीकिनारी तुमचं हक्काचं घर.
हारूबसाहेब हिंदी बोलतात, आजोबांच्या दुकानातली,
तांदळाच्या गोण्या मोजत शिकलेली.
किल्ला कुठून दिसतो, त्यांनी विचारलं.
म्हटलं, अगदी जवळ गेल्यावर.

जवळ गेल्यावर ते हसलेच.
आमच्या बंदरावर असे दोन आहेत, म्हणाले,
बांधणारेही तेच, फिरंगी.
झुवैनाने भिंतीवरून बोट फिरवलं,
बोटावरचा चुना नाकाशी नेला,
दुसऱ्याच्या घरात आपल्या गिरणीचं पीठ ओळखावं तशी.

मी पाठ असलेलं सांगत गेले:
इथे घोडे उतरत, तुमच्याच किनाऱ्यावरचे,
गलबतातून, पोटाला पट्टे आवळून.
आणि खाडीच्या चिखलात पहिला खूर टाकताना
जमीन हलते आहे असंच त्यांना वाटत असणार.
(हे शेवटचं माझं. पुस्तिकेत नाही.)

शनिवारी ओवळ्याला.
पाहुणे येणार असले की लाल सतरंजी निघते,
लहानगी पुढे, जुळ्या बहिणी मधोमध,
ज्याला रडू येतं त्याला दाराजवळ बसवतात.
फाल्गुनी, आषाढ, दोन कार्तिक,
आणि भाद्रपदात आला म्हणून भाद्रू.
इंदुमतीबाईंना नावं सुचत नाहीत,
त्या सरळ कालनिर्णयाकडे बघतात.

बेचाळीस कंपासपेट्या आणल्या होत्या, मोजून, मेलवर विचारून.
मुलं त्रेचाळीस.
एक काल रात्री वाढलं,
ते आत गोधडीत झोपलेलं, अजून नावाशिवाय.
त्याला कशाला हवी कंपासपेटी,
पण भाद्रूने आपली उघडली, कोनमापक काढून घेतला,
बाकीची पेटी आत नेऊन गोधडीखाली सरकवली
आणि येऊन पुन्हा मांडी घालून बसला.

खजूर वाटून झाले. फोटो झाले.
मग झुवैना म्हणाली, यांना कालचं सांग ना, घोड्यांचं.
सांगितलं. गलबत, पट्टे, चिखल.
भाद्रू कोनमापकातून माझ्याकडे बघत होता.
"मग परत कधी गेले?"
कोण रे?
"घोडे."

क्या बोला? हारूबसाहेब पुढे वाकले.
मी म्हटलं, पूछता है, आप फिर कब आएँगे.
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला,
बराच वेळ पुसला,
इन्शाल्ला म्हणाले, आणि खरंच म्हणाले.
माझी जीभ टाळूला चिकटली होती.
खोटं बोलले म्हणून नव्हे,
हेच उत्तर मी त्या सतरंजीवर बसून
किती पाहुण्यांकडून घेतलं होतं म्हणून.

भाद्रू अजून थांबलेला.
त्याला खरं ते सांगितलं, मराठीत, हळू:
ते परत जायला आणलेच नव्हते.
काही दमले. काही विकले गेले.
काही इथेच राहिले, त्यांना इथले रस्ते पाठ झाले.
त्याने मान हलवली,
हिशेब जुळल्यावर वाणी हलवतो तशी.

निघताना इंदुमतीबाईंनी मला हातानेच थांबवलं,
खजुराची एक पुडी पर्समध्ये कोंबली,
वजन उतरलंय म्हणाल्या, बाकी काही नाही.

विमानतळावर चार जण बॅगा ओढत आत गेले.
झुवैना मागे राहिली, खिडकीत वाकली.
दोन दिवस तुला चैताली चैताली म्हणते आहे,
अर्थ काय त्याचा?
मागची गाडी हॉर्न वाजवत होती,
फुकट थांबायची मुदत संपत आली होती.
एक महिना आहे, म्हटलं,
आणि पहिला गिअर टाकला.