कॉपी १

खोकं तर केव्हाच गेलं.
नाक्यावरच्या भंगारवाल्यानं तराजूत टाकलं,
एकशे साठ दिले,
आणि शाईचे हात माझ्याच भिंतीला पुसले.
पण पडद्यावर तो आहेच.
सातबारा काढा म्हटलं की कॉम्प्युटर
अजून त्यालाच हाक मारतो,
अन् नवा प्रिंटर हिरवा दिवा लावून बसतो
पहिल्या दिवशीच्या शिपायासारखा.

रिमूव्ह केलं. खरंच का? हो रे बाबा, खरंच.
गेला.
बंद करून चालू केलं, तर परत,
नावापुढं 'कॉपी १' लावून,
वाटणीत कमी केलेला भाऊ
फेरफारात पुन्हा उगवावा तसा.

दुपारचा दीड. चोपड्यात पंचेचाळीस.
कूलरच्या वाळ्यावर तांब्या ओतला,
भुसावळला तौसीफला फोन लावला.
'वरवर खोडून जात नाही काका.
आधी स्पूलर थांबवा. मग रांग रिकामी करा.
मग ड्रायव्हर. मग रिस्टार्ट. क्रम चुकवू नका.'
म्हणजे कुंदाच. काळ्या रानातला.
मुळी हातभर खाली.

उतरलो. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर.
रांगेत एकच काम. दीड वर्षापासून
'डिलीट होत आहे' म्हणत
न झालेलं.
झिपरू तोताराम. हयातीचा दाखला.
पान एकपैकी एक.

नोव्हेंबर होता. कागद दातात धरून
प्रिंटर नुसता घरघरत होता,
आणि आप्पा टोपीनं वारा घेत विचारत होते,
'हाऊ जित्ता शे ना रे भो?'
आहे, आहे, म्हटलं, पाचच मिनिटं.
पाऊण तास बसले.
मग समोरच्या दुकानातून काढून आणला,
तरी जाताना माझ्या टेबलावर दहाची नोट.
बसण्याचे, म्हणाले.

यंदा फाल्गुनात त्यांच्या पोराला
दुसरा दाखला मीच काढून दिला.
नवा प्रिंटर हातानं निवडून.
पहिल्या झटक्यात निघाला.

स्पूलर थांबवला.
बोट कळीवर तसंच राहिलं.
दारात एक बाई, पदराखाली फाइल,
उत्पन्नाच्या दाखल्यासाठी केव्हाची उभी.
'व्हयनं का, भाऊ?'
व्हयनं, म्हटलं, आणि दाबलं.

ड्रायव्हर उपटला. रिस्टार्ट.
काळ्या पडद्यात थोडा वेळ माझंच तोंड,
मिशीवर घाम.
यादी उघडली. एकच नाव.
बाईचं पान गरम गरम बाहेर आलं,
तिनं ते फुंकर मारून घेतलं, भाकरीसारखं.

ड्रॉवरमधे जुन्याची वायर आहे अजून.
असू दे.
वायर कशालाही लागते.